दूरदर्शनचा एक दिवस : कार्यक्रम अनेक, प्रेक्षक कोण?

गावात दूरचित्रवाणीचा संच आला म्हणजे चित्र दिसू लागते. परंतु चित्र दिसणे आणि त्याचा उपयोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या एका दिवसात शेतकऱ्यासाठी पीकपाण्याची माहिती असते, विद्यार्थ्यासाठी पाठ असतो, गृहिणीसाठी आरोग्याचा सल्ला असतो, कामगारासाठी कायद्याची ओळख असते आणि सर्वांसाठी बातम्या, नाटक, गाणे असते. हे वैविध्य केवळ वेळ भरून काढण्यासाठी नसते. दिवसाचा प्रत्येक भाग समाजातील कोणत्या ना कोणत्या घटकाच्या नावे राखून ठेवलेला असतो. ज्याच्या नावे तो भाग राखला, ती व्यक्ती त्या वेळी संचासमोर असते काय, आणि पाहून झाल्यावर तिला कोणी दोन शब्द समजावून सांगते काय, यावरच त्या कार्यक्रमाचे यश अवलंबून असते. भारतीय दूरदर्शनच्या वाटचालीतील काही दिवसांचे अवलोकन केल्यास ही गोष्ट स्पष्ट होते.

दिवसाची आखणी

वृत्तपत्र वाचकाच्या सवडीने उघडता येते. प्रक्षेपण मात्र घड्याळाला बांधलेले असते. म्हणून दिवसाची आखणी करणाऱ्यास प्रथम समाजाचे घड्याळ पाहावे लागते. मुले शाळेत केव्हा असतात, शेतकरी शेतातून केव्हा परततो, चूल केव्हा पेटते आणि केव्हा विझते, गाव केव्हा झोपते, याचा विचार करूनच कार्यक्रमाची वेळ ठरवावी लागते. उत्तम कार्यक्रम चुकीच्या वेळी दाखविला गेला, तर तो न दाखविल्यासारखाच होय. स्त्रियांसाठी केलेला कार्यक्रम स्वयंपाकाच्या ऐन वेळी लागला, तर तो घरातील पुरुषच पाहतात, हा अनुभव सर्वत्र येतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. मनोरंजनाची भाषा अर्धवट कळली तरी चालते. औषधाचे प्रमाण किंवा बियाण्याची जात सांगणारी भाषा पूर्ण कळावी लागते. तिसरा प्रश्न जागेचा. संच कोणाच्या घरी आहे, तेथे गावातील प्रत्येकास मोकळेपणाने बसता येते काय, हा प्रश्न वरवर लहान वाटतो. परंतु प्रत्यक्षात तोच सर्वांत मोठा ठरतो.

आरंभीचा काळ

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. त्या वेळी ती आकाशवाणीचाच एक विभाग होती आणि प्रक्षेपण प्रायोगिक स्वरूपाचे होते. युनेस्कोच्या साहाय्याने दिल्ली परिसरात सार्वजनिक संच ठेवून प्रेक्षकमंडळे स्थापन करण्यात आली. मंडळातील सभासदांनी एकत्र बसून कार्यक्रम पाहावा आणि नंतर त्यावर चर्चा करावी, अशी ती योजना होती. प्रारंभीच्या त्या दिवसांत कार्यक्रम थोडे होते, पण पाहणे आणि बोलणे यांची सांगड होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९६१ मध्ये दिल्लीच्या शाळांसाठी नियमित शैक्षणिक पाठ सुरू झाले. १५ ऑगस्ट १९६५ पासून दैनंदिन सेवेस प्रारंभ झाला. २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला, तो दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांतील सार्वजनिक संचांसाठी. नव्या जातींचे गहू शेतात येऊ लागल्याचा तो काळ होता. बियाणे नवे, खताचे प्रमाण नवे, पाण्याच्या पाळ्याही नव्या. शेतकऱ्याला हे सर्व ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहण्याची गरज होती आणि ती गरज या कार्यक्रमाने ओळखली. एका दिवसाच्या प्रक्षेपणात शेतकऱ्याच्या नावे वेळ राखून ठेवण्याची प्रथा येथून रूढ झाली.

१९७५-७६ मधील एक दिवस

ग्रामीण प्रेक्षकांचा दिवस कसा असावा, याचा सर्वांत मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. तो ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षासाठी भारताच्या उपयोगास मिळाला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे निवडण्यात आली. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर, आंध्र प्रदेशातील हैदराबाद, मेदक, महबूबनगर आणि कर्नूल, तर तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांचा त्यात समावेश होता.

अहमदाबाद येथील भूकेंद्रातून कार्यक्रम सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जात आणि तेथून थेट गावातील संचावर उतरत. गावातील अँटेना सुमारे दहा फूट व्यासाचा असे व तो कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा तारेच्या जाळीचा बनविलेला असे. संच बहुधा शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत ठेवला जाई आणि तो चालू-बंद करण्याचे, सांभाळण्याचे काम अनेक ठिकाणी शिक्षकाकडेच असे.

या प्रयोगातील दिवस चार तासांचा होता. सकाळचा दीड तास शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळचे अडीच तास प्रौढांसाठी. हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांसाठी सकाळी प्रत्येकी साडेबावीस मिनिटांचा पाठ असे. त्यात विज्ञान, परिसर, आरोग्य, गोष्टी आणि खेळ असत. सायंकाळी अर्धा तास सर्वांसाठी समान राष्ट्रीय कार्यक्रम असे आणि उरलेला वेळ भाषावार वाटून दिलेला असे. शेती, पशुपालन, आरोग्य, कुटुंबकल्याण यांबरोबर लोकनृत्य, लोकनाट्य आणि संगीतही असे. गावातील संचावर एकाच चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग घेण्याची सोय होती. त्यामुळे एकच चित्र पाहत असताना एका जिल्ह्यात तेलुगू आणि दुसऱ्यात कन्नड निवेदन ऐकता येई.

तथापि भाषावार वाटणीचा एक परिणाम अटळ होता. एका गावाच्या वाट्याला आपल्या भाषेतील वेळ थोडा येई आणि उरलेल्या वेळी परभाषेतील कार्यक्रम चालू असत. त्या गावांतील मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना तर सर्वच कार्यक्रम शेजारच्या भाषेत पाहावे लागले. बहुभाषिक देशात एका दिवसाचे तास वाटताना किती अडचणी येतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

प्रयोगाने काय शिकविले

या प्रयोगाचे मूल्यमापन काळजीपूर्वक करण्यात आले. काही गावांत संशोधक दीर्घकाळ मुक्कामास राहिले आणि त्यांनी गावाचे दैनंदिन जीवन जवळून पाहिले. पहिल्या दिवसांत संचासमोर मोठी गर्दी लोटली. पुढे नवलाई ओसरली आणि दररोजच्या प्रेक्षकांची संख्या एका संचामागे सरासरी शंभराच्या आसपास स्थिरावली. नवलाई संपल्यावर जे उरतात, तेच खरे प्रेक्षक होत.

आरोग्य आणि कुटुंबनियोजन यांविषयीची जाणीव वाढल्याचे दिसून आले. विशेष म्हणजे ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांना आणि त्यातही स्त्रियांना याचा लाभ अधिक झाला. छापील पुस्तिका ज्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती, त्यांच्यापर्यंत चित्र पोहोचले. मुलांच्या भाषिक विकासात आणि जिज्ञासेतही चांगला फरक आढळला.

परंतु दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. केवळ संच आल्यामुळे शाळेतील पटसंख्या वाढली नाही आणि मुलांची गळतीही थांबली नाही. शेतीतील नव्या पद्धती प्रत्यक्ष अवलंबण्याच्या बाबतीत उल्लेखनीय बदल दिसला नाही. याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. पडद्यावर सुधारित बियाणे दिसले, तरी ते तालुक्याच्या दुकानात मिळाले पाहिजे. त्यासाठी हातात पैसा पाहिजे. पीक फसल्यास आधार पाहिजे. चित्र इच्छा निर्माण करू शकते, साधने निर्माण करू शकत नाही. ज्या दिवशी कार्यक्रमात लसीकरणाचे महत्त्व सांगितले, त्याच आठवड्यात परिचारिका लस घेऊन गावात आली, तर कार्यक्रम फलद्रूप होतो. ती आली नाही, तर पुढच्या कार्यक्रमावरील विश्वासही कमी होतो.

एका क्षेत्रात मात्र प्रक्षेपण आणि प्रत्यक्ष मार्गदर्शन यांची जोड उत्तम जमली. याच वर्षात सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. शाळांना सुटी असताना शिक्षक संचासमोर जमत, पाठ पाहत आणि नंतर मार्गदर्शकाच्या साहाय्याने स्वतः कृती करून पाहत. त्यांना लिखित साहित्यही पुरविण्यात आले होते. पडदा, पुस्तक आणि माणूस ही तिन्ही एकत्र आली, तेव्हा दूरचित्रवाणी हे शिक्षणाचे साधन झाले.

खेडा जिल्ह्यातील सायंकाळ

वडोदऱ्याच्या शेजारी असलेल्या खेडा जिल्ह्यात याच सुमारास एक वेगळा प्रयोग सुरू झाला. पीज या गावी लहान प्रक्षेपक बसविण्यात आला आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने जिल्ह्यातील गावांसाठी गुजराती कार्यक्रम तयार केले. येथे कार्यक्रमाचा विषय कार्यालयात ठरत नसे. निर्माते गावात जात, लोकांचे प्रश्न ऐकत आणि त्यांतून विषय निवडत. शेतमजुराचे किमान वेतन, जातीवरून होणारा भेदभाव, सावकारी यांसारखे अवघड विषयही त्यांनी हाताळले. अनेक कार्यक्रमांत गावकरीच पात्रे झाले. १९८४ मध्ये ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोतर्फे दिले जाणारे पारितोषिक या प्रयोगास मिळाले.

सहा राज्यांसाठी एक कार्यक्रम आणि एका जिल्ह्यासाठी एक कार्यक्रम, या दोहोंतील अंतर येथे दिसून आले. जिल्ह्याच्या कार्यक्रमात शेतकऱ्याला स्वतःची माती, स्वतःची बोली आणि स्वतःचा प्रश्न दिसतो. मजुराला आपल्या वेतनाविषयी पडद्यावरून ऐकता आले, याचे मोल कोणत्याही आकड्यात मांडता येणार नाही.

मराठी सायंकाळ

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे परिसरास त्याचा लाभ मिळू लागला. या केंद्राने मराठी सायंकाळ कशी सजविली, हे अभ्यासण्यासारखे आहे. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, गृहिणींसाठी ‘सुंदर माझं घर’, मुलांसाठी ‘किलबिल’, साहित्यप्रेमींसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ आणि निखळ विनोदासाठी ‘गजरा’ असे कार्यक्रम या केंद्राने दिले. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ याच पडद्यावर घराघरांत पोहोचले. त्या सायंकाळच्या पंगतीत प्रत्येकासाठी पान मांडलेले होते.

यांतील दोन कार्यक्रमांचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. पहिला ‘ज्ञानदीप’. निर्माते आकाशानंद यांनी लोकशिक्षणासाठी केलेल्या या कार्यक्रमातून प्रेरणा घेऊन ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन झाली. कार्यक्रम पाहून उठून न जाता, त्यातील विचार आपल्या वस्तीत कृतीत आणावा, ही त्यामागील भूमिका होती. दिल्लीतील आरंभीच्या प्रेक्षकमंडळांचा धागा येथे मराठी भूमीत पुन्हा विणला गेला. दुसरा ‘साप्ताहिकी’. येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय दाखविले जाणार, याची माहिती त्यात दिली जाई. प्रेक्षकास आधी कळले, तरच त्यास निवड करता येते. निवडून पाहणारा प्रेक्षक आणि जे लागेल ते पाहणारा प्रेक्षक यांत मोठा फरक असतो.

राष्ट्रीय दिवस

१ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून स्वतंत्र झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. इन्सॅट-१बी उपग्रह आणि कमी शक्तीचे अनेक प्रक्षेपक यांमुळे पुढील दोन-तीन वर्षांत लहान शहरांपर्यंत चित्र पोहोचले. दिवसाचे आता दोन भाग झाले: सायंकाळचा पूर्वार्ध प्रादेशिक भाषेचा आणि रात्रीचा उत्तरार्ध संपूर्ण देशाचा.

७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मालिकेने १५६ भागांत एका मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा सांगितली. मुलीचे शिक्षण, व्यसन, कुटुंबाचा आकार हे विषय कथेच्या ओघात येत आणि भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी त्यावर दोन शब्द बोलत. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दुपारच्या वेळेत सुरू झाला. ज्या लहान गावातील महाविद्यालयात प्रयोगशाळा अपुरी होती, तेथील विद्यार्थ्यास उत्तम अध्यापकाचा पाठ व प्रयोग पाहता यावा, हा त्याचा उद्देश होता. पुणे, हैदराबाद आणि पुढे इंदूर येथील विद्यापीठीय केंद्रांनी असे कार्यक्रम तयार केले. रविवारी श्रवणदोष असलेल्यांसाठी खुणांच्या भाषेतील बातम्याही दिल्या जात.

परंतु याच काळात एक बदल घडला. घरोघरी संच आले आणि सार्वजनिक संच मागे पडला. सोय वाढली, पण एकत्र बसून पाहण्याची आणि बोलण्याची सवय सुटली. ज्यांच्या घरी संच नव्हता, ते दुसऱ्याच्या दारात किंवा खिडकीशी उभे राहिले. शाळेच्या ओट्यावर सर्वांचा असलेला संच घरात गेल्यावर घरमालकाचा झाला, आणि काय लावावयाचे ते तोच ठरवू लागला.

आजचा दिवस

आज दिवसाची मर्यादा राहिलेली नाही. १५ ऑगस्ट १९९४ पासून मराठीसाठी उपग्रहाधारित वाहिनी उपलब्ध झाली व ती पुढे ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली. डोंगराआड न पोहोचणारे मराठी चित्र त्यामुळे बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी घरांतही पाहता येऊ लागले. शेतीसाठी ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी २६ मे २०१५ रोजी सुरू झाली. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ सेवेस मासिक शुल्क नाही. २०१९ मध्ये गोव्यासह काही राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्या तिच्यावर उपलब्ध झाल्या.

या साधनाचे मोल २०२० मध्ये पुन्हा प्रत्ययास आले. साथीमुळे शाळा बंद होत्या. सर्व मुलांच्या हाती भ्रमणध्वनी नव्हते, असले तरी सर्वत्र जोडणी नव्हती. अशा वेळी २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. घरातील व परिसरातील साध्या वस्तूंच्या आधारे पाठ समजावून देण्याची तिची पद्धत होती. केंद्र शासनानेही इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या सुरू केल्या. ज्या घरी पालकाने किंवा शिक्षकाने ठरावीक वेळी मुलास संचासमोर बसविले आणि नंतर त्याच्याकडून ती कृती करवून घेतली, तेथे पाठ झाला. इतरत्र तो केवळ चित्र राहिला.

गावाने काय करावे

वाहिन्या वाढल्या तरी मूळ प्रश्न तोच आहे. पूर्वी कार्यक्रम थोडे आणि प्रेक्षक एकत्र होते. आता कार्यक्रम विपुल आणि प्रेक्षक विखुरलेले आहेत. यावर उपाय फारसा खर्चाचा नाही. शिक्षकाने आठवड्याचा कार्यक्रम पाहून त्यातील दोन-तीन उपयुक्त कार्यक्रमांच्या वेळा शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लिहाव्यात. शेतीविषयक कार्यक्रम कृषी सहायकाने शेतकऱ्यांसमवेत एकत्र पाहावा. सांगितलेले बियाणे किंवा औषध जवळपास कोठे मिळेल, आपल्या जमिनीस ते मानवेल काय, हे लगेच बोलून घ्यावे. आरोग्याचा कार्यक्रम स्त्रियांना सोयीच्या वेळी पाहता यावा म्हणून अंगणवाडीची जागा उपयोगात आणावी. संच अशा ठिकाणी असावा की जेथे येण्यास वाडीवस्तीवरील कोणालाही संकोच वाटणार नाही.

अधिकाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. पडद्यावर ज्या योजनेची माहिती दिली जाते, तिचे अर्ज कार्यालयात उपलब्ध असले पाहिजेत. कार्यक्रम पाहून आलेल्या नागरिकास उत्तर मिळाले नाही, तर त्याची निराशा दुप्पट होते. प्रेक्षकांनी पत्राने किंवा अन्य मार्गाने आपल्या प्रतिक्रिया केंद्राकडे कळवाव्यात. कोणता भाग कळला नाही, कोणती वेळ गैरसोयीची आहे, कोणता प्रश्न अद्याप पडद्यावर आला नाही, हे कळविणारा प्रेक्षक दिवसाच्या आखणीत सहभागी होत असतो.

सार्वजनिक दूरचित्रवाणीचा दिवस हा सर्वांच्या मालकीचा दिवस आहे. त्यातील आपला तास ओळखणे, त्या तासाला उपस्थित राहणे आणि त्यानंतर एकमेकांशी बोलणे, एवढे गावाने केले, तर आकाशातून आलेले चित्र जमिनीवर रुजल्यावाचून राहणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील शेतकरी, विद्यार्थी, स्त्रिया आणि वृद्ध यांना दिवसातील कोणती वेळ सोयीची आहे?

२. गेल्या महिन्यात पाहिलेल्या एखाद्या कार्यक्रमातील कोणती गोष्ट गावात प्रत्यक्ष करून पाहिली? न केल्यास अडचण कोणती आली?

३. १९७५-७६ च्या प्रयोगात आरोग्याची जाणीव वाढली, परंतु शेतीच्या पद्धती फारशा बदलल्या नाहीत. याची कारणे आपल्या अनुभवाच्या आधारे सांगा.

४. आपल्या गावावर दहा मिनिटांचा कार्यक्रम करावयाचा झाल्यास त्याचा विषय कोणता असावा आणि त्यात कोणी बोलावे?